परिक्रमेची पडशी

ओंकारेश्वरी, नर्मदेच्या दक्षिण तटावर, ममलेश्वराच्या देवळाकडे उतरणाऱ्या गल्लीत एका किराणा दुकानदाराचा वजनकाटा आहे. गव्हाची पोती, मिरचीच्या गोणी आणि नारळांच्या राशी ज्यावर चढतात-उतरतात, त्या काट्यावर प्रबोधिनी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पाठीवरची पिशवी ठेवली, आणि ती १४ किलो ४०० ग्रॅम भरली. घरी महिनाभर बसून केलेली यादी, त्या यादीतून विचारपूर्वक वगळलेले जिन्नस, आणि वगळूनही जे नेल्यावाचून गत्यंतर नाही असे वाटले त्या सर्वांची ती बेरीज होती. ३१ वर्षे महसूल खात्यात तलाठ्याचे काम केल्यामुळे यादी करण्याची मला सवय आहे. पण आपल्या गरजांची यादी ही आपल्या एकट्याच्या विचाराने पुरी होत नसते, हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि ते ज्यांच्यामुळे कळले ते सातारा भागातले एक शेतकरी, सत्तरी ओलांडलेले, तिसऱ्या परिक्रमेला निघालेले, त्या वेळी काट्याच्या पलीकडे उभे राहून माझ्या पिशवीकडे पाहत होते. धर्मशाळेत आदल्या रात्री आम्ही शेजारी शेजारी आसन लावले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आणि मी तलाठी होतो हे कळल्यापासून ते मला, गावोगावच्या रिवाजाप्रमाणे, भाऊसाहेब म्हणत.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "ह्यातलं तटावर मागून काय काय मिळंल, ते आधी बाजूला काढा."

या एका वाक्याने माझ्या यादीचा पायाच बदलला. मी प्रत्येक वस्तूला विचारले होते, तू मला लागशील का. आणि लागणार नाही असे म्हणणारी वस्तू जगात विरळा. अण्णांचा प्रश्न निराळा होता. जे तट देतो ते पाठीवर का वाहायचे, आणि जे तट देऊ शकत नाही ते विसरून कसे चालेल, एवढेच ते विचारीत होते. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी स्वतःच्या गरजा जाणून भागत नव्हते, तो तट, त्यावरची माणसे आणि त्यांची देण्याची रीत जाणावी लागत होती.

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. मैकल पर्वतातल्या अमरकंटकला उगम पावून, मध्य प्रदेशाचा मोठा मुलूख ओलांडून, नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेला स्पर्श करून ती भडोचपाशी खंबायतच्या आखाताला मिळते. परिक्रमा करणाऱ्याने ती सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही तटांनी चालायचे. उपनद्या ओलांडाव्यात, पण नर्मदेचे पात्र ओलांडायचे नाही. फक्त मुखाशी, विमलेश्वराकडून मिठी तलाईकडे, भरतीची वेळ पाहून सुटणाऱ्या नावेतून समुद्रमार्गे पलीकडच्या तटाला लागायचे. शास्त्रोक्त परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस सांगितले आहेत. प्रापंचिक माणसे चातुर्मास टाळून चार-सहा महिन्यांत ती पुरी करतात. वळणे, आडवाटा आणि घाट धरून मार्ग २,६०० किलोमीटरांच्या खाली येत नाही. माणसाचे पाऊल साधारण पाऊण मीटरचे धरले, तर हा हिशेब ३४ लाख पावलांच्या पुढे जातो. पिशवीत वाढवलेला प्रत्येक किलो ३४ लाख वेळा उचलायचा असतो, ही गोष्ट त्या काट्यापाशी उभे राहून केलेल्या गणिताने मला जितकी पटली तितकी कोणत्याही उपदेशाने पटली नसती.

आपल्या ओळखीची पायी यात्रा म्हणजे आषाढीची वारी, आणि बहुतेक मराठी माणूस परिक्रमेची तयारी वारीच्या अनुभवावरून करू पाहतो. तिथेच त्याची फसगत होते. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे २५० किलोमीटरांची वाट वारकरी जवळजवळ मोकळ्या खांद्याने चालतो. गळ्यात तुळशीची माळ, हाती टाळ किंवा पताका, खांद्याला लहानशी झोळी; वळकटी आणि कपड्यांची पिशवी दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामाला गेलेली असते, पूर्वी ती बैलगाडीतून जात असे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तिच्यामुळे सरंजामाची चिंता दिंडीची असते आणि वारकऱ्याला फक्त चालायचे व म्हणायचे असते. परिक्रमेत दिंडी नाही, विणेकरी नाही, ट्रक नाही. माणूस आणि त्याची पडशी, एवढाच तांडा.

अण्णांनी माझी पिशवी धर्मशाळेच्या ओसरीवर रिती केली आणि एकेक वस्तू हाती घेऊन तिचा निवाडा केला. स्टोव्ह, त्याच्या इंधनाचे डबे, दोन पातेली, तांदूळ-डाळीच्या पुरचुंड्या, गूळ, चिक्की, हे सारे आधी गेले. कारण तटावर सदाव्रत आहे. परिक्रमावासी आला की आश्रमात किंवा गावातल्या एखाद्या घरी "कितनी मूर्ति हैं?" एवढेच विचारले जाते, आणि जितक्या मूर्ती तितक्यांचे भोजन, नाहीतर कोरडा शिधा, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, तेल, मिरची, पदरात पडते, चूल, भांडी आणि लाकडे यजमानच देतात. मग तंबू गेला, कारण ओसरी, देऊळ, शाळेचा व्हरांडा मिळतो. कपड्यांचे पाच जोड होते त्यांचे दोन झाले, एक अंगावर आणि एक काठीवर वाळत. टॉवेलाच्या जागी पंचा आला. या पंच्याविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण इतक्या कमी वजनात इतकी कामे करणारे दुसरे वस्त्र मला माहीत नाही: तो अंग पुसतो, स्नानाच्या वेळी आडोसा होतो, उन्हात डोक्याला गुंडाळला जातो, गढूळ पाणी गाळतो, मिळालेला शिधा बांधून नेतो, पायाच्या जखमेला पट्टी होतो, आणि वाऱ्यावर धरला की काही मिनिटांत वाळतो. जाड टॉवेल सकाळचा ओला पाठीवर घ्यावा लागतो, म्हणजे त्यातले पाणीही वाहावे लागते.

राहिले ते असे. जे दुसऱ्या कोणाचे मला चालणार नाही, ते प्रथम: चष्मा आणि त्याची दुसरी जोडी, रक्तदाबाची औषधे, पायाला बसलेली पादत्राणे. पादत्राणांच्या बाबतीत अण्णा फार काटेकोर होते. पाठीवरचे वजन आणि पायातले वजन सारखे नसते. पायात चढवलेला भार प्रत्येक पावलागणिक उचलून पुढे फेकायचा असतो, त्यामुळे तो पाठीवरच्या तेवढ्याच भारापेक्षा कित्येक पट थकवतो, आणि माझे डोंगरी बूट दीड किलोचे होते. वाळू, चिखल आणि उपनद्यांचे उतार असलेल्या त्या वाटेवर, पाणी लागताच काढता येतील आणि लगेच वाळतील अशी हलकी पट्ट्यांची पादत्राणे मी ओंकारेश्वरच्या बाजारातच घेतली, आणि त्यांनी शेवटपर्यंत साथ दिली. त्यानंतर कमंडलू आणि दंड. दंड म्हणजे खांद्याइतकी बांबूची काठी. तिने उताराची खोली मोजायची, कुत्री दूर ठेवायची, चढणीला आधार घ्यायचा आणि रात्री तिच्यावर कपडे वाळत घालायचे. सुईदोरा, कारण फोड फोडायला सुई आणि झोळी शिवायला दोरा. एक ताट, एक वाटी. परिक्रमावासी असल्याचा छायाचित्रासह दाखला, ज्यावर मुक्कामोमुक्कामी शिक्के उमटतात. मोबाइल आणि त्याचा चार्जर ठेवायचा की नाही यावर अण्णांनी मत दिले नाही. मी ठेवला, आणि घरी वृद्ध आई असलेल्या माणसाने तो ठेवावा असे माझे मत आहे.

आणि नर्मदाजलाची कुपी. संकल्प सोडताना ती भरायची, रोज सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची, आणि परिक्रमा पुरी झाल्यावर ते जल ओंकारेश्वराला वाहायचे. तिचे वजन शंभर ग्रॅमही नसेल. पण सगळी पडशी तिच्यासाठी असते. इथे मला वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण होते. द्रव्यार्जनासाठी ते उत्तरेत गेले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात घरी परतले. 'माझा प्रवास' हा ग्रंथ इतिहासासाठी वाचला जातो. मी तो आता ओझ्यासाठीही वाचतो, कारण पैसा हातून गेल्यावरही ती पाण्याची कावड मात्र त्यांनी एवढ्या दूर सांभाळून आणली.

शेवटी उरले माझे कांबळे. लोकरीचे, दोन किलोंचे, पिशवीतली सर्वांत जड वस्तू. मी विचारले, आश्रमात गोधड्या मिळतात ना? अण्णांनी आपल्या काळ्या घोंगडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मिळंल. पण हे मागायचं न्हाई." का, ते त्यांनी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

पुन्हा काट्यावर ठेवली तेव्हा पिशवी ६ किलो २०० ग्रॅम भरली. उरलेले सामान मी टपालाने घरी रवाना केले.

निमाडातले पहिले पंधरा दिवस सुखाचे गेले. कापूस वेचणीला आला होता, मिरच्या अंगणात लाल वाळत होत्या, आणि "नर्मदे हर" म्हणून हाक घातली की दार उघडत होते. या उघडणाऱ्या दारांमागे शतकांची वहिवाट आहे हे विसरता कामा नये. पलीकडच्या तटावर महेश्वर आहे, जिथून अहिल्याबाई होळकरांनी राज्य केले. त्यांनी देशभर घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे यांसाठी जे द्रव्य खर्चिले, ते एका अर्थाने यात्रेकरूच्या पाठीवरचे ओझे उतरवून दौलतीच्या खात्यावर चढवणे होते. अहिल्याबाई १७९५ साली निवर्तल्या. पुढे राज्ये गेली, इनामे गेली, तरी काठावरच्या माणसांनी ते खाते बंद पडू दिले नाही, इतकेच की आता ते सामान्य शेतकऱ्याच्या घरून चालते. एका म्हातारीने आम्हाला दोन भाकऱ्या वाढल्या आणि आम्ही निघालो तेव्हा डबा पालथा करून तळाचे पीठ झटकताना मला ती दारातून दिसली.

बडवानी मागे टाकल्यावर सातपुड्याचे डोंगर सुरू होतात आणि जुन्या परिक्रमावासीयांच्या तोंडी असलेली शूलपाणीची झाडी येते. या झाडीची कीर्ती मराठी वाचकाला परिचित आहे, गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने आणि अलीकडे जगन्नाथ कुंटे यांच्या लेखनाने ती घरोघर पोहोचवली. तिथले भिल्ल, ज्यांना परिक्रमावासी मामा म्हणतात, यात्रेकरूला अडवीत आणि त्याच्याजवळचे सर्व, प्रसंगी अंगावरचे वस्त्रही, काढून घेत. ही नर्मदामैयाचीच आज्ञा, तीच आपल्या भावांकरवी लेकराला निःसंग करते, अशी श्रद्धा या लुटीभोवती निर्माण झाली. या श्रद्धेचा मी अनादर करीत नाही. सर्वस्व गेल्यावरही चालत राहिलेल्या माणसांनी ती निर्माण केली आहे. परंतु गावदप्तर सांभाळलेला माणूस म्हणून दुसरी बाजू मला मांडली पाहिजे. इंग्रजी अमदानीत, विशेषतः १८७८ च्या वनकायद्यानंतर, सरकारने जंगल राखीव केले आणि जे पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलावर जगत होते त्यांचा हक्क मेहेरबानीत बदलला. ज्याच्या घरी धान्य नाही त्याच्या डोंगरातून पडशी भरून जाणारा माणूस, मग तो कितीही पुण्यशील असो, त्याच्या दृष्टीने चालते कोठार असतो.

आता ती झाडी पूर्वीची राहिली नाही. सरदार सरोवराची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी बसली, १७ सप्टेंबर २०१७ रोजी पूर्ण उंचीचे, १३८.६८ मीटरांचे धरण राष्ट्राला अर्पण झाले, आणि त्याचा फुगवटा बडवानीपर्यंत पसरला. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ पाण्याखाली गेले आणि नवे दुसरीकडे उभारले गेले. अक्राणीच्या डोंगरात आम्ही एका रात्री ज्या घरी राहिलो, त्या कुटुंबाचे जुने गाव खाली पाण्यात होते. कुडाच्या भिंती, कौलांचे छप्पर, दोन हंडे, एक जाते, कुऱ्हाड, विळा, कणगीत थोडा मका. आम्हाला मक्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळाला. घरधनी म्हणाला की त्याचे आजोबा यात्रेकरूंना लुटत असत, आणि तो आता ताटे धुतो. हे सांगताना त्याच्या आवाजात लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. गाव हलवावे लागले तेव्हा काय काय वर आणता आले, असे मी विचारले. घराची सागाची लाकडे आणली, तो म्हणाला. शेत आणता आले नाही.

समुद्र ओलांडून भडोचला आलो तो मार्गशीर्षाचा शेवट होता. दिवसा ऊन कडक होते, आश्रमांत गोधड्यांच्या चळती होत्या, आणि दोन किलोंचे कांबळे माझ्या खांद्याला रोज टोचत होते. अण्णांची चाल मंद, ते मागे राहिले होते. मी त्यांचाच प्रश्न त्या कांबळ्याला लावला: हे तटावर मिळते का? मिळते. मग का वाहायचे? एका धर्मशाळेत मी ते देऊन टाकले, आणि ४ किलो २०० ग्रॅमची पडशी घेऊन, त्यागाचा आनंद मनात धरून, पुढे निघालो. वासुदेवानंद सरस्वतींच्या, म्हणजे टेंबेस्वामींच्या, गरुडेश्वर येथील समाधीपाशी बसलो असताना तो आनंद अधिकच दृढ झाला. कोकणातल्या माणगावी १८५४ साली जन्मलेला हा संन्यासी भारतभर पायी हिंडला आणि १९१४ साली या तटावर देह ठेवून गेला. त्याच्या वाटेने आपण एक पाऊल टाकले, असे मला वाटले.

पौषात, नेमावर दोन मजला दूर असताना, संध्याकाळी एकाएकी उत्तरेचा वारा सुटला. आश्रम चार कोस पुढे होता, अंधार पडला होता, आणि गव्हाच्या शेतांमधल्या एका वस्तीवर मी हाक घातली. घरात नवरा-बायको, म्हातारा बाप आणि दोन मुले होती. त्यांनी जेवायला घातले, ओसरीवर सोयाबीनचे कुटार पसरून त्यावर बारदान अंथरले, आणि मग माझ्या पडशीकडे पाहून बाईने विचारले, "बाबाजी, ओढने को क्या है?" माझ्याजवळ एक चादर होती. ती आत गेली आणि एक रजई घेऊन आली. मी नको म्हणालो. तिने ती माझ्या अंगावर टाकली आणि दार ओढून घेतले. त्या रजईला ऊब होती, म्हणजे ती कोणाच्या तरी अंगावरून नुकतीच काढलेली होती. मध्यरात्री आत लहान मूल खोकू लागले, आणि आई त्याला आपल्या पदरात ओढून घेत असल्याचा आवाज भिंतीपलीकडून आला. मी रजई घेऊन दाराशी गेलो, हलकेच हाक मारली, आतून उत्तर आले, "सो जाओ बाबाजी, मैया की रजाई है." सकाळी पाण्याच्या हंड्यावर बर्फाची पातळ साय होती.

पांघरूण मागायचे नाही, असे अण्णा का म्हणाले होते ते मला त्या रात्री कळले. अन्न घरात रोज शिजते, त्यात एक मूठ वाढते, घराला ते पेलते. छप्पर दहांना झाकते तसे अकरांना झाकते. पण पांघरूण मोजके असते. एकाला दिले की दुसऱ्याचे निघते. भडोचला मी दोन किलो उतरवले होते ते नाहीसे झाले नव्हते, सहा वर्षांच्या एका मुलाच्या अंगावर थंडी होऊन पडले होते. तटाची देण्याची वृत्ती अपार आहे हे मी शिकलो होतो, परंतु त्यांच्याजवळ देण्यासारखे किती आहे हे मोजायचे राहून गेले होते, आणि उभे आयुष्य लोकांच्या जमिनीचा हिशेब ठेवण्यात घालवलेल्या माणसाने ते मोजू नये याचा सल मला आजही आहे.

नेमावरच्या बाजारात मी पहिले काम केले ते कांबळे विकत घेण्याचे; दुसऱ्या दिवशी एका मोटारसायकलवाल्या दुधवाल्याबरोबर त्या वस्तीवर एक नवी रजई पाठवली. ती पोहोचली, असे त्याने तिसऱ्या दिवशी वाटेत गाठून सांगितले. पुढे बरमानघाट, भेडाघाट, अमरकंटक आणि परतीचा दक्षिण तट असा सगळा प्रवास झाला. फाल्गुनात ऊन तापले तरी ते कांबळे मी टाकले नाही. चैत्रात ओंकारेश्वरी जल वाहून झाल्यावर त्याच काट्यावर पडशी ठेवली. ती ६ किलो ३०० ग्रॅम भरली, त्यांतले दोन किलो कांबळ्याचे होते.

आता मराठी मुलखातून परिक्रमेला जाणाऱ्यांची संख्या दर कार्तिकात वाढते आहे, आणि हलके निघावे असा सल्ला त्यांना सर्वजण देतात. तो योग्यच आहे, मीही तोच देतो: स्टोव्ह, तंबू, पाच जोड कपडे आणि दीड किलोचे बूट घरी ठेवा. पण ताट-वाटी आपली न्या, म्हणजे पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले काठावर साचणार नाहीत. औषधे आपली न्या. जिथे सदाव्रत घ्याल तिथे, देण्याची ऐपत असल्यास, निघताना पिठाच्या डब्याकडे एकदा पाहा. आणि येत्या प्रबोधिनीनंतर निघणार असाल, तर पडशी कितीही जड वाटो, पांघरूण मात्र आपले घेऊन जा.